लहान मुलांच्या जिभेला चव लावताना

उष्टावण आपल्याकडे हौसेने होते. मुलाची जीभ घडते ती मात्र त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत, आणि ती वर्षे बहुतेक घरांत घाईची असतात. आई-वडील दोघेही नोकरीला, इंदूरच्या कोपऱ्याकोपऱ्यावर सेव-कचोरी, आणि हातात पाकीट दिले की मूल शांत. मंडळातील तरुण पालकांना आणि आमच्यासारख्या आजी-आजोबांना उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र देत आहोत.

सुरुवात

पहिले ६ महिने फक्त आईचे दूध, त्यानंतर वरचे अन्न आणि सोबत २ वर्षांपर्यंत किंवा पुढेही स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मऊ मूगखिचडी, वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेला लाल भोपळा यांनी सुरुवात करता येते. बाळाला मध चाटवण्याची जुनी पद्धत १ वर्षापर्यंत टाळावी. मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. अख्खे शेंगदाणे व फुटाणे घशात अडकतात. ५ वर्षांपर्यंत कूट करूनच द्यावेत. २ वर्षांपर्यंत वरून साखर घालू नये, मीठही बेताचेच असावे.

नवी चव रुजायला वेळ लागतो

दीड-दोन वर्षांचे मूल अनोळखी पदार्थ नाकारते, ते स्वाभाविक आहे. एखादी चव आवडू लागण्यासाठी ती अनेकदा ८-१० वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते. दुसऱ्याच दिवशी ‘त्याला कारलं आवडत नाही’ असा शिक्का मारला की ते पुन्हा त्याच्या ताटात येतच नाही. ओळखीच्या वरणभाताशेजारी नव्या भाजीचा एकच चमचा वाढावा, आग्रह करू नये, आणि चार दिवसांनी पुन्हा वाढावा. आवर्ती ठेवीसारखेच आहे हे : हप्ता लहान असला तरी चालतो, चुकता कामा नये.

आपले ताट

डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मध्ये भात. थोडे थोडे पण अनेक चवींचे, ही आपल्या ताटाची रचना मुलांना अगदी सोयीची आहे. लिंबू केवळ चवीसाठी नसते. त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळी-पालेभाज्यांतले लोह शरीरात चांगले शोषले जाते. जेवणासोबतचा चहा याच्या उलट काम करतो.

किती खायचे, हे कोणी ठरवायचे?

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची विभागणी सोपी आहे : काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे ‘ताटात टाकू नये’ हा संस्कार आहे. तो सांभाळायचा असेल तर मुळात कमी वाढावे आणि मागितले की पुन्हा वाढावे. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या वाक्यातून मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. मोबाइल दाखवून भरवलेल्या मुलाचे ना चवीकडे लक्ष असते, ना पोट भरल्याकडे. दिवसभरात अर्ध्या लिटरहून जास्त दूध प्यायल्यावर भूकही उरत नाही.

मंडई आणि स्वयंपाकघर

मुलांना मंडईत न्यावे, मटार सोलायला बसवावे. हाताळलेली भाजी तोंडात घालण्याचे धाडस लवकर होते. हिवाळ्यात येथे बथुआ म्हणून मिळतो तोच आपला चाकवत. त्याची ताकातली पातळ भाजी ज्या मुलाने कधी खाल्ली नाही, त्याला पुढे तो शब्दही कळणार नाही. अळू, अंबाडी, भरडा यांचेही तेच. रविवारचे पोहे-जिलबी बंद करण्याची गरज नाही. बाकीच्या दिवशी घरच्या पोह्यांत मटार, गाजर आणि वर लिंबू असावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

वजन वाढत नसेल, घास गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा मूल मोजक्याच दोन-चार पदार्थांवर अडून बसले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

दिवसातून एक जेवण तरी सर्वांनी एकत्र, एकाच स्वयंपाकातले घ्यावे. आजोबा कारले चवीने खाताना दिसले, तर नातवंडांचा हातही आज ना उद्या त्याकडे वळेल.