व्यक्तिचित्रणाची घरगुती प्रकाशयोजना : डहाणू व तलासरी परिसर

घरातील खोली, ओटी किंवा पडवी तेवढ्यापुरती स्टुडिओ म्हणून वापरून, साध्या बाजारात मिळणाऱ्या साहित्याने माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र काढण्यासाठी केलेली प्रकाशाची मांडणी. या मांडणीचा पाया महागड्या दिव्यावर नसून चार गोष्टींवर असतो : उजेड किती मोठ्या पृष्ठभागावरून येतो, किती अंतरावरून येतो, कोणत्या दिशेने येतो आणि त्याचा रंग कोणता आहे. या चारही गोष्टी हाताशी असलेल्या वस्तूंनी साधता येतात. म्हणूनच कमी भांडवलावर व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी ही पद्धत विशेष उपयोगाची आहे.

परिसर व गरज : डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, गुजरातला लागून असलेले तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. डहाणूच्या किनारपट्टीला चिकूच्या वाड्या व जुने बंगले, तर पूर्वेकडे आणि तलासरीत वारली व इतर आदिवासी समाजांचे विखुरलेले पाडे अशी वस्ती आहे. शाळा-कॉलेजचे प्रवेश, शिष्यवृत्ती, बँक, नोकरीचे अर्ज यांसाठी लागणारे फोटो, लग्नाआधीचे फोटो, तारपावादक व चित्रकारांना आपल्या कामाच्या प्रसिद्धीसाठी लागणारी छायाचित्रे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा भिंतीवर लावायचा फोटो, अशी कामाची मागणी असते. पाड्यावरून बाजारपेठेच्या गावात यायचे तर प्रवासखर्च आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. त्यामुळे पाड्यावरच नीट फोटो काढू शकणारा माणूस ही तिथली खरी सोय ठरते.

या भागाच्या चित्रपरंपरेत माणूस दोन त्रिकोणांनी आणि एका वर्तुळाने उभा राहतो. वारली चित्रात नाक-डोळे सहसा काढत नाहीत, माणूस ओळखू येतो तो त्याच्या हालचालीवरून आणि कामावरून. तलासरी तालुक्यातील धामणगावात जन्मलेले व डहाणू तालुक्यातील गंजाड येथे राहिलेले जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही कला जगभर पोहोचवली. व्यक्तिचित्रणाचे काम याच्या नेमके उलट आहे. एकाच माणसाचा, दुसऱ्या कुणाचा नसलेला चेहरा त्यात नोंदवायचा असतो आणि ते काम प्रामुख्याने प्रकाश करतो.

पूर्वपीठिका : मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होत. विजेचे दिवे नसलेल्या त्या काळात स्टुडिओला उत्तरेकडे काचेचे छत किंवा मोठी खिडकी ठेवत आणि पांढऱ्या पडद्यांनी उजेड कमीजास्त करत. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) चे चित्रण सूर्यप्रकाशावरच झाले. आजची कमी खर्चाची घरगुती मांडणी याच परंपरेतली आहे. खिडकी, पडदा आणि परावर्तक हीच तिची मूळ साधने.

मूलतत्त्वे : (१) आकार – उजेडाचा उगम चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा, तितक्या सावल्या मऊ. उघडा बल्ब नाकाची कडक, काळी सावली पाडतो. तोच बल्ब ३ × ४ फुटी पांढऱ्या कापडामागे ठेवला तर सावलीची कड विरघळते, कारण आता चेहऱ्याला उजळणारा दिवा म्हणजे ते संपूर्ण कापड.

(२) अंतर – छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. मोठ्या पडद्यालाही हा हिशेब ढोबळमानाने लागू पडतो. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि मागची भिंत दिव्यापासून ३ मीटरवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या सुमारे एक-नवमांश उजेड पोहोचतो आणि पांढरी भिंतही करडी दिसते. दिवा २ मीटरवर नेला तर भिंतीचे अंतर ४ मीटर होते आणि तिच्यावर एक-चतुर्थांश उजेड पडतो. भिंत गडद हवी की उजळ, हे रंग न बदलता दिवा सरकवून ठरवता येते. कापड चेहऱ्यापासून साधारण त्याच्या रुंदीइतक्या अंतरावर ठेवणे ही चांगली सुरुवात असते.

(३) दिशा – मुख्य दिवा समोरून सुमारे ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीच्या वर असावा. खालून आलेला उजेड चेहरा विकृत करतो. अगदी समोरचा उजेड तो सपाट करतो.

(४) रंग – मेणबत्तीसारख्या पिवळ्या बल्बचे वर्णतापमान २७०० ते ३००० केल्व्हिन असते, दुपारच्या उन्हाचे सुमारे ५५००, तर आपल्याकडे ‘कूल डेलाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एलईडीचे ६५००. एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचा उजेड पडला, तर एक गाल पिवळा आणि दुसरा निळा दिसतो, आणि नंतर संगणकावर तो दोष नीट निघत नाही. म्हणून मांडणी सुरू करण्यापूर्वी खोलीतली ट्यूबलाइट व इतर दिवे बंद करावेत.

जागेची निवड : डहाणू सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही आणि दिवसभर स्थिर, मऊ उजेड मिळतो. साधारण २० मे ते २३ जुलै या काळात मात्र माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो. ढग नसतील तेव्हा उत्तरेच्या खिडकीलाही पांढरा पडदा लागतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन बरेच आत येते. तिथे पडदा लावल्यास तीच खिडकी मोठ्या दिव्याचे काम करते.

कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतींच्या घरात आत उजेड कमी असतो, पण दारातून येणारा उजेड एकाच दिशेचा असतो. माणसाला उंबरठ्यापासून ३–४ फूट आत, दाराकडे तिरपे बसवले, तर अंधाऱ्या भिंती सावलीची बाजू खोल ठेवतात आणि चेहऱ्याला घडीव आकार येतो. जुन्या बंगल्यांच्या पडव्या व घरांच्या ओट्या याहून उजळ असतात. तिथे माणूस सावलीच्या कडेपासून थोडा आत घ्यावा. पत्र्याच्या घरात छपराला पारदर्शक पत्रा बसवलेला असेल, तर त्याखाली पांढरे कापड ताणून वरचा मऊ उजेड मिळतो. डोळ्यांच्या खाचा काळ्या पडू नयेत म्हणून छातीच्या पातळीवर खालून पांढरा परावर्तक धरावा.

चिकूच्या वाडीतील सावली दिसायला सुखद असली, तरी पानांवरून परतणारा उजेड हिरवा असतो आणि तो त्वचेवर उतरतो. पिस्ता, आकाशी, गुलाबी रंगाच्या भिंतींचेही तसेच. अशा भिंतीवर पांढरी चादर टांगली की दोष बराचसा जातो.

एका दिव्याची मांडणी : बांबूच्या काठ्यांची ३ × ४ फुटी चौकट करून तिच्यावर पांढरे कापड ताणावे. कोरा मांजरपाट पिवळसर असतो, म्हणून धुऊन पांढरा झालेला वापरावा. नीळ घातलेले कापड टाळावे. चौकटीमागे दीड-दोन फुटांवर लाकडी फळीवर चार होल्डर बसवून ९ वॅटचे, एकाच कंपनीचे व एकाच रंगाचे एलईडी बल्ब लावावेत. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेपासून हे बल्ब घरोघरी पोहोचले आणि स्वस्त झाले. चार बल्ब मिळून ३६ वॅट वीज घेतात. ५०० वॅटचा हॅलोजन दोन तासांत एक युनिट खातो, तर हे चार बल्ब तेवढ्या विजेवर सुमारे २८ तास चालतात. शिवाय हॅलोजनच्या उष्णतेने कापड पेटण्याचा धोका असतो, म्हणून कापडी चौकटीमागे तो कधीही लावू नये.

या उजेडात कॅमेऱ्याचा शटर १/१०० किंवा १/५० सेकंद, छिद्र एफ २.८ ते ४ आणि आयएसओ ४०० ते ८०० ही सुरुवातीची जुळणी ठरते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने कमी प्रतीचे बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर याहून वेगवान ठेवला तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात. बल्ब घेताना दुकानातच मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरावा. पडद्यावर पट्टे सरकताना दिसले, तर तो बल्ब फोटोसाठी नको. वेष्टनावर सीआरआय हा निर्देशांक दिलेला असेल, तर ९० च्या वरचा बल्ब त्वचेचा तांबूसपणा अधिक खरा दाखवतो. घरगुती बल्ब बहुधा ८० च्या आसपासचे असतात.

परावर्तक : सावलीच्या बाजूला पांढरा सनबोर्ड किंवा पुठ्ठ्यावर चिकटवलेला पांढरा कागद धरला, की मुख्य दिव्याचाच उजेड परतून सावली उजळते आणि दुसरा दिवा विकत घ्यावा लागत नाही. बोर्ड जवळ आणला की सावली फिकी होते, लांब नेला की गडद होते. पूर्वी यासाठी थर्माकोल सर्रास वापरत. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर निर्बंध आल्यावर सनबोर्ड हा सोयीचा पर्याय झाला आहे. चेहरा अधिक धारदार हवा असेल, तर पांढऱ्याच्या जागी काळे कापड धरावे.

फ्लॅश : पुढच्या टप्प्यावर हाताने शक्ती ठरवायचा साधा फ्लॅश, रेडिओ ट्रिगर, स्टँड आणि पांढरी छत्री एवढे पुरते. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशबरोबर शटर १/२०० सेकंदाच्या आसपासपर्यंतच ठेवता येतो. फ्लॅश घटांवर चालत असल्याने वीज गेली किंवा दाब कमी झाला, तरी उजेड तसाच राहतो. पाड्यांवर काम करणाऱ्याला हा मोठा आधार आहे. क्षणभराचा उजेड हालचाल थांबवतो, त्यामुळे लहान मुलांचे फोटो काढताना फ्लॅश सतत जळणाऱ्या दिव्यापेक्षा सरस ठरतो. छत्रीत एक ते दोन स्टॉप उजेड जातो हे हिशेबात धरावे.

प्रचलित रचना : दिवा ४५ अंशांवर व वर ठेवल्यावर सावलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. डच चित्रकार रेम्ब्रांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना सुरकुत्यांनी भरलेल्या वृद्ध चेहऱ्यांना विशेष शोभते. दिवा समोर व उंच ठेवून नाकाखाली फुलपाखरासारखी सावली पाडणारी रचना नितळ चेहऱ्यांसाठी चांगली. दिवा अगदी बाजूला नेला की अर्धा चेहरा अंधारात जातो. कोणत्याही रचनेत दोन्ही बुबुळांत दिव्याचे प्रतिबिंब दिसते का, ते तपासावे. ते नसेल तर डोळे निर्जीव वाटतात.

अर्जासाठी लागणाऱ्या ३५ × ४५ मि.मी. फोटोला वेगळी शिस्त लागते : दोन्ही बाजूंना समान अंतरावर समान उजेड, पांढरी पार्श्वभूमी आणि चेहऱ्यावर वा भिंतीवर सावली नाही. माणूस भिंतीपासून ४ फूट पुढे बसवल्यास मागची सावली टळते. मोबाइल चेहऱ्याजवळ नेल्यास नाक मोठे दिसते, म्हणून दीड-दोन मीटर लांब उभे राहून दुप्पट झूम वापरावा.

त्वचेचा वर्ण : कॅमेऱ्याचा मीटर प्रत्येक दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे मानून उजेड मोजतो. सावळा चेहरा चौकट भरून असेल, तर मीटर फोटो गरजेपेक्षा उजळ करतो. तोच माणूस पांढऱ्या सदऱ्यात, पांढऱ्या भिंतीसमोर बसला, तर चेहरा काळवंडतो. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांत छपाई जुळवण्यासाठी वापरली जाणारी कोडॅकची ‘शर्ली कार्डे’ गोऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावर बेतलेली होती. त्यामुळे गडद त्वचेचे बारकावे अनेक वर्षे हरवत राहिले. आपल्याकडील स्टुडिओंतही चेहरा गोरा करून देणे हीच सफाई मानली गेली. ही सवय मोडायला हवी. गडद त्वचेचा आकार तिच्यावर उमटणाऱ्या तकाकीतून कळतो. त्यासाठी जास्त उजेड लागत नाही, मोठ्या पृष्ठभागाचा उजेड बाजूने यावा लागतो. खिडकी किंवा कापडी चौकट हे काम उत्तम करते. चांदीच्या दागिन्यांवरची डोळ्यात खुपणारी चमकही अशा उजेडात मऊ होते. चेहऱ्याशेजारी करडे कार्ड धरून उजेड व पांढऱ्याचा समतोल आधी ठरवावा, मग कार्ड काढून फोटो घ्यावा. आपला खरा वर्ण फोटोत उतरणे हा बसणाऱ्या माणसाचा हक्क आहे.

हवामान व सुरक्षितता : जून ते सप्टेंबर या काळात हवेतल्या दमटपणामुळे भिंगांना बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावीत. किनाऱ्यालगत खारी हवा स्टँडचे स्क्रू गंजवते, म्हणून वापरानंतर ते पुसून थोडे तेल लावावे. ओल्या जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड ठेवू नये. बल्बची फळी लावताना उघडी वायर राहू देऊ नये आणि ओळखीच्या वायरमनकडून जोडणी तपासून घ्यावी. उंच स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी, वाऱ्याने छत्री उडते.

खर्चाचा क्रम : आधी पांढरी चादर व सनबोर्ड, मग बांबूची चौकट व बल्ब, मग स्टँड, आणि उत्पन्न सुरू झाल्यावर फ्लॅश व छत्री. फ्लॅश-ट्रिगरसारख्या वस्तूंसाठी डहाणू रोडहून लोकलने मुंबईतील फोर्टच्या बोरा बाजारात जाता येते. तलासरीकरांना महामार्गाने वापी जवळ पडते. कॅमेऱ्यावर मोठी रक्कम घालण्यापूर्वी एकाच माणसाला एकाच खिडकीपाशी सकाळी, दुपारी व संध्याकाळी बसवून फोटो काढावेत आणि ते शेजारी ठेवून पाहावेत. दिशा व अंतर ओळखू लागलेली नजर साध्या मोबाइलवरही चांगले व्यक्तिचित्र घेते. ती तयार झाल्यावरच पुढची खरेदी कशाची करायची हे ठरवावे.