लष्करी ट्रकच्या पाठीमागचा उजेड

सैन्यातून निवृत्त झालेला अमेरिकी एम३५ घरी आणला की हौशी मालक लवकरच मागच्या बाजूला दोन पांढरे दिवे लावायला घेतो. १९५० च्या सुमारास रिओ कंपनीने लॅन्सिंगमध्ये बनवायला घेतलेला हा अडीच टनी ट्रक अमेरिकेत 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणून ओळखला जातो. रात्री ट्रेलर जोडायचा असो, ओंडके भरायचे असोत की चिखलातली दुसरी गाडी ओढायची असो, याच्या पाठीमागे मिट्ट काळोख. मूळच्या गाडीला रिव्हर्सचा दिवासुद्धा नाही. हा विसर किंवा काटकसर नव्हे. तो काळोख मुद्दाम ठेवलेला आहे.

त्याची सुरुवात विमानांपासून होते. १ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट सुरू झाला आणि त्या एका महिन्यात रस्त्यावरचे मृत्यू आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या जवळजवळ दुप्पट झाले. शत्रूचे एकही बॉम्बर विमान शहरावर यायच्या आत! आपल्याकडे १९६५ आणि १९७१ मध्ये मुंबईकरांनी हेडलाइटची वरची अर्धी काच काळ्या रंगाने रंगवली, ती याच भीतीपोटी.

शहरातल्या माणसाला घरी बसता येते, लष्करी ताफ्याला ती सोय नाही. पन्नास ट्रक एकामागून एक, रात्री, दिव्यांशिवाय न्यायचे तर मागच्या चालकाला पुढची गाडी दिसली पाहिजे आणि वरच्या वैमानिकाला दिसता कामा नये. ब्रिटिशांनी यावर शोधलेला उपाय मला फार आवडतो: मागच्या आसावरच्या डिफरन्शियलच्या गोळ्याला पांढरा रंग फासायचा आणि गाडीच्या पोटाखाली एक बारीक दिवा असा लावायचा की उजेड फक्त त्या गोळ्यावर पडेल. मागच्या चालकाने त्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत यायचे. वरून काहीच दिसत नाही, कारण वर सगळा ट्रकच आडवा.

अमेरिकेने काम काचेवर सोपवले. मागच्या दिव्याच्या बारीक खिडक्या अशा अंतरावर कापल्या की ६० फुटांच्या आत आल्यास चार लाल ठिपके दिसावेत, ६० ते १८० फुटांत दोन आणि त्याहून लांब गेल्यास एकच. दोन ठिपके दिसत राहतील असे चालवा, एवढीच चालकाला सूचना. अंतर मोजायचे यंत्र म्हणजे त्याचाच डोळा. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात फ्रान्समध्ये धावलेल्या 'रेड बॉल एक्स्प्रेस' या अमेरिकी रसद ताफ्याचे ट्रक आघाडीजवळ रात्री याच मिणमिणत्या दिव्यांवर चालत. त्या चालकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते. मागे, सुरक्षित पट्ट्यात आले की ते पूर्ण हेडलाइट लावून गाड्या दामटत.

युद्धानंतरच्या एम३५ मध्ये हा काळोख थेट स्विचमध्ये बसवला गेला. डॅशबोर्डवर तीन खटक्यांचा दिव्यांचा स्विच आहे. मुख्य खटका ब्लॅकआउटच्या ठिपक्यांवर सहज जातो. नेहमीच्या दिव्यांवर न्यायचा तर आधी दुसरा खटका 'अनलॉक'कडे दाबून धरावा लागतो. अंधारात चुकून हात लागून झगझगाट होऊ नये, म्हणून ही अडचण जाणूनबुजून ठेवलेली. मागे जाणाऱ्या प्रत्येक वायरच्या टोकाला नंबराचा धातूचा बिल्ला असतो: २१ म्हणजे नेहमीचा टेल लाइट, २३ ब्लॅकआउटचा ब्रेक दिवा, २४ ब्लॅकआउटचे ठिपके.

मग कामाचा पांढरा दिवा आला कुठून? टेल लाइटच्या कुळातून तर नक्कीच नाही. तो आला ब्रेकडाउन व्हॅनकडून. एम६२ आणि एम५४३ या पाच टनी रिकव्हरी ट्रकना क्रेनच्या कामासाठी फ्लडलाइट सैन्यानेच दिले होते; उलटलेली गाडी चाचपडत उचलता येत नाही. दुसरे नाते ट्रॅक्टरशी. मडगार्डवर मागे तोंड करून बसवलेला दिवा नांगरणीवर नजर ठेवायला असतो, तो आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही माहीत आहे. जुने लष्करी ट्रक अमेरिकेत शेतकऱ्यांकडे, लाकूडतोड्यांकडे आणि गावोगावच्या अग्निशमन दलांकडे गेले, तेव्हा ही दोन्ही कुळे त्यांच्या पाठीवर एकत्र आली.

घोटाळा होतो तो जोडणी करताना. २१ नंबरची वायर हाताशी असते, तिच्यावर दिवा टाकण्याचा मोह होतो. तसे केले की टेल लाइटबरोबर पांढरा झोतही रस्त्यावर चालू राहतो आणि मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात. कामाच्या दिव्याला बॅटरीपासून वेगळी वायर, स्वतःचा फ्यूज, रिले आणि केबिनमध्ये स्वतंत्र स्विच हवाच. हा खर्च वाचवणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही.

दुसरी खोच व्होल्टची. दुसऱ्या महायुद्धातला जीएमसी ट्रक ६ व्होल्टवर चालत असे, एम३५ मध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट मिळतात. बाजारातला १२ व्होल्टचा दिवा घेऊन तो एकाच बॅटरीवर टाकणारे बरेच असतात. दिवा लागतो, म्हणून चूक कळत नाही. पण मग ती बॅटरी जास्त रिकामी होते, अल्टर्नेटर मात्र दोघींना मिळूनच भरतो. एक कायम अर्धपोटी राहते, दुसरी अति चार्ज होऊन तिचे पाणी आटते, आणि दोन्ही अकाली जातात. २४ व्होल्टचे ७० वॅटचे दोन हॅलोजन लावले तर जेमतेम ६ अँपिअर लागतात. आता १० ते ३० व्होल्ट चालणारे एलईडी मिळतात, त्यांना त्याहून कितीतरी कमी पुरतात, त्यामुळे एकाच बॅटरीवरून वीज चोरायला निमित्तच उरलेले नाही.

जागेवरून मात्र वाद मिटत नाही. केबिनच्या मागे उंचावर लावला तर भरलेल्या मालाचीच सावली मागे पडते. चासीखाली लावला तर पहिल्या पावसात काच चिखलाने भरते. हौद्याच्या मागच्या कोपऱ्यांवर उजेड सगळ्यात चांगला पडतो, पण त्यासाठी पत्र्याला भोक पाडावे लागते, आणि ट्रक कारखान्यातून निघाला तसाच राहावा असे मानणाऱ्या संग्राहकांना ते खपत नाही. ते चुंबकाचे बूड असलेले दिवे वापरतात आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी काढून ठेवतात.