शाला, वाडा व वसति : जुन्या विद्यालय-वास्तूंच्या पुनरुपयोगाचा विचार

जालना जिल्ह्यांत व एकंदर मराठवाड्यांत निजामी अमदानींत बांधलेल्या शाळांच्या इमारती अद्यापि उभ्या आहेत. कांहींत वर्ग भरतात. कांहींचीं छपरें खचून भिंतींत पिंपळ रुजला आहे. अशा ओसाड वास्तूच्या जागीं राहण्याचीं घरें करावीं काय, हा प्रश्न निघाला म्हणजे दोन पक्ष होतात. एक म्हणतो, विद्येच्या स्थानीं चुली पेटविणें हा अधर्म होय. दुसरा म्हणतो, पडक्या भिंतींचें कौतुक पुरे, माणसांस निवारा हवा. इतिहासाची साक्ष काढल्यास दोन्ही पक्ष अपुरे ठरतात, असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'शाला' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ घर असाच आहे. अथर्ववेदांतील शालासूक्तें (३.१२ व ९.३) हीं घराचीं सूक्तें होत, विद्यालयाचीं नव्हत. मुंडकोपनिषदांत शौनकास 'महाशाल' म्हटलें आहे, तें मोठा गृहस्थ या अर्थीं. चारी बाजूंस सोपे व मध्यें अंगण अशा घरास 'चतुःशाल' म्हणत. आमचा चौसोपी वाडा त्याच जातीचा. पाठशाला, धर्मशाला, गोशाला हे पूर्वपद लागून झालेले अर्थभेद. मराठींत पूर्वपद गळालें आणि नुसती 'शाळा' विद्यालयवाचक होऊन बसली. तेव्हां शाळेचें घर झालें तर शब्दाच्या दृष्टीनें तरी कांहीं विपरीत घडत नाहीं.

व्यवहारहि असाच आहे. पंतोजींची शाळा देवळाच्या ओवरींत किंवा एखाद्या गृहस्थाच्या पडवींत भरे. पुण्याचा विश्रामबागवाडा हें दुसऱ्या बाजीरावाचें राहतें घर. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं कमिशनर चॅप्लिन यांच्या कारकीर्दींत तेथें संस्कृत पाठशाळा उघडली. तिच्यांतूनच पुढें डेक्कन कॉलेज उदयास आलें. १८७९ च्या आगींत वाड्याचा पूर्वभाग जळाला, तो पुन्हां बांधण्यांत आला. आणि १९३० ते १९५९ पर्यंत नगरपालिकेची, पुढें महापालिकेची, कचेरी त्यांत होती. घर, शाळा, कचेरी अशीं रूपें पालटूनहि वाडा टिकला. किंबहुना पालटला म्हणूनच टिकला.

जालन्याच्या गढीची गोष्ट हीच. निजाम आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानानें १७२५ सालीं ती बांधविली. पुढें नगरपालिकेच्या कचेऱ्या तींत गेल्या. वास्तु वापरांत राहिली, म्हणून तिच्या बांधणीचा काळ सांगणारा फारसी शिलालेखहि दृष्टीसमोर राहिला.

आतां दुसरी बाजू पाहूं. बुधवार पेठेंतील भिडेवाड्यांत १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली; सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. याच कार्याबद्दल १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं वर सांगितलेल्या विश्रामबागवाड्यांत मेजर कँडी यांच्या हस्तें जोतीरावांचा सत्कार झाला. सत्काराचा वाडा आज उभा आहे, शाळेचा नाहीं. शाळा उठल्यावर भिडेवाडा दुकानदारांचा व भाडेकरूंचा झाला. पुढें राष्ट्रीय स्मारकाची मागणी आली, तेव्हां हे हक्क आड आले व वाद वर्षानुवर्षें न्यायालयांत राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्यें उच्च न्यायालयाचा व नोव्हेंबरमध्यें सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महापालिकेच्या बाजूनें झाला, आणि ४ डिसेंबर २०२३ च्या रात्रीं मोडकळीस आलेला वाडा पाडण्यांत आला. स्मारक उभारतां येईल. परंतु ज्या भिंतींआड ते पाठ झाले, त्या आतां नाहींत. भाडेकरूंस निवारा मिळाला हा दोष नव्हे. स्मृति व निवारा यांची सांगड वेळींच घातली गेली नाहीं, हा दोष होय.

ती सांगड घालतां येते, याचें उदाहरण परदेशीं आहे. एडिंबरो येथील डोनाल्डसन विद्यालयाची भव्य इमारत प्लेफेअर या स्थपतीनें रचिली. ती १८५० सालीं उघडली व बहिऱ्या मुलांची शाळा म्हणून प्रसिद्धीस आली. २००८ सालीं शाळा लिनलिथगो येथें गेली. त्यानंतर मूळ इमारत राखून तींत राहण्याचीं घरें करण्यांत आलीं.

आमच्या जिल्ह्यांत दगडविटांहूनहि मोलाची वस्तु शाळेच्या कपाटांत असते, ती म्हणजे जुनें दप्तर. घरीं मराठी बोलणारीं मुलें शाळेंत उर्दूंतून शिकत, त्या काळचीं दाखल-खारीज रजिस्टरें उर्दू लिपींत व फसली सनांत लिहिलेलीं आहेत. त्यांची किंमत काय, हें २०२३ सालीं सर्वांस कळलें. अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर सरकारनें न्यायमूर्ति शिंदे यांची समिति नेमली, आणि कुणबी नोंदींसाठीं निजामकालीन कागदपत्रांचा शोध सुरू झाला; त्यांत शाळांचीं रजिस्टरेंहि आलीं. छप्पर गळून जें रजिस्टर कुजलें, त्यांतील कुटुंबांचा पुरावाहि त्याबरोबर गेला.

यावरून आमचें मत असें बनलें आहे. इमारत वर्गांस योग्य असेल, तर पहिला हक्क मुलांचा. ती तशी नसेल व शाळेस दुसरी जागा मिळाली असेल, तर शिक्षकांस वा विद्यार्थ्यांस तेथें घरें द्यावीं. ओसाडपणापेक्षां वसति बरी. मात्र कुदळ पडण्यापूर्वीं तीन गोष्टी व्हाव्या : (१) वास्तूचा मोजमापी नकाशा, छायाचित्रें व असतील त्या शिलालेखांचे ठसे, (२) सर्व दप्तर सुरक्षित अभिलेखागारांत हलवून उर्दू जाणणाऱ्यांकडून त्याची यादी, (३) मालकी व राहणाऱ्यांचे हक्क यांचा स्पष्ट लेख, आणि त्यांत मूळ दर्शनी भिंत राखण्याची अट. शास्त्रकारांनीं जीर्णोद्धार पुण्यकारक मानला आहे. त्यांत उद्धार जीर्णाचाच व्हावयाचा असतो, लोप नव्हे.

ज्या वाचकांच्या गांवीं अशी शाळा असेल, त्यांनीं तिचें वर्णन व दप्तराची स्थिति मंडळास कळवावी, अशी विनंति आहे. एका पावसाळ्यांतहि पुष्कळ नष्ट होतें.