हायड्रोजनच्या संशोधनात सरकार-कंपनी भागीदारी: पैसा कोणाचा, काम कोणाचं आणि शेतकऱ्याला काय?

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केंद्रीय विज्ञान राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते देशी बनावटीच्या हायड्रोजन बसचं अनावरण झालं. ही बस एकट्या सरकारची नाही आणि एकट्या कंपनीचीही नाही. सीएसआयआर ही केंद्राची संशोधन संस्था आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनी मिळून ती तयार केली. अशा कामाला सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणतात. हा व्यवहार नेमका कसा चालतो, ते समजून घेऊ.

फ्युएल सेल म्हणजे काय?

बॅटरीसारखंच वीज देणारं यंत्र. फरक इतकाच, की ते चार्ज करावं लागत नाही, हायड्रोजन भरावा लागतो. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन आणि मध्ये पातळ पडदा. दोघांच्या संयोगातून वीज आणि उष्णता मिळते, धुराड्यातून धूर नाही तर पाणी बाहेर पडतं.

भागीदारी कशाला लागते?

असं संशोधन वर्षानुवर्षं चालतं आणि यश येईलच याची खात्री नसते. त्यामुळे कंपनी एकटी पैसा घालायला कचरते. सरकारी प्रयोगशाळेकडे शास्त्रज्ञ असतात, पण कारखाना आणि बाजार नसतो. म्हणून जोखीम वाटून घेतात. सीएसआयआरने २००० साली 'निमिटली' नावाची योजना याचसाठी सुरू केली. त्यात सरकारी संस्थांना अनुदान आणि कंपनीला कमी व्याजाचं कर्ज अशी पद्धत ठेवली.

पुण्यात काय झालं?

पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), तमिळनाडूतल्या कराईकुडीची विद्युत-रसायन संस्था आणि केपीआयटी यांचं काम निमिटलीतूनच २०१६ मध्ये सुरू झालं. २०२० मध्ये त्यांच्या मोटारीची चाचणी झाली. टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन, त्यावर सुमारे २५० किलोमीटर धावेल असा अंदाज तेव्हा दिला होता. दोन वर्षांनी बस आली. म्हणजे सुरुवातीपासून बसपर्यंत सहा वर्षं गेली आणि तीही नमुना म्हणून, विक्रीसाठी नाही.

केंद्राचा पैसा किती?

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं.

- एकूण तरतूद: १९,७४४ कोटी रुपये
- उत्पादन वाढवण्यासाठी प्रोत्साहन: १७,४९० कोटी
- प्रायोगिक प्रकल्प: १,४६६ कोटी
- संशोधन: ४०० कोटी

संशोधनाचा वाटा जेमतेम दोन टक्के आहे. म्हणूनच त्यात उद्योगांनीही पैसा घालावा अशी भागीदारीची चौकट मिशनमध्ये ठेवली आहे.

आपला संबंध कुठे येतो?

पहिला खताचा. युरिया अमोनियापासून होतो आणि अमोनियाला हायड्रोजन लागतो. आज तो नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्यातला बराच वायू परदेशातून येतो.

दुसरा काडीकचऱ्याचा. पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि केपीआयटीच्या पाठबळावर उभी राहिलेली सेंटिएंट लॅब्स यांनी भात, गहू, मका यांच्या अवशेषांपासून जिवाणूंच्या मदतीने हायड्रोजन काढायची पद्धत २०२१ मध्ये जाहीर केली. ती गावपातळीवर परवडली तर पेंढा-काडाला नवं गिऱ्हाईक मिळेल. पण हाच पेंढा जनावरांचा चारा आहे. चाऱ्यापेक्षा जास्त भाव मिळाला तरच शेतकरी तो देईल.

तिसरा पाण्याचा. विजेने पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला किमान नऊ लिटर शुद्ध पाणी आणि साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. पाणी शुद्ध करायला आणि यंत्र थंड ठेवायला लागणारं पाणी वेगळं.

लक्षात ठेवा

नमुना, चाचणी आणि खरेदी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. चाचणी यशस्वी झाली म्हणजे गावात कोणी काड घ्यायला येणार असं नाही. हायड्रोजन प्रकल्पाच्या नावाने कोणी नोंदणीचे पैसे, सातबारा किंवा जमिनीचा करार मागितला, तर आधी लेखी कागद घ्या, ग्रामसभेत विषय मांडा आणि तालुका कृषी कार्यालयात विचारा. कागदात तीन गोष्टी बघा: माल कोण घेणार, भाव काय आणि पाणी कुठून आणणार. ही उत्तरं नसतील तर सही करू नका.