चिंकाऱ्याची शिकार (पुणे जिल्हा)

चिंकारा हा पाटस, सुपे परिसरातील गवताळ माळरानांवर आढळणारा कुरंगवर्गीय प्राणी आहे. बोलीत त्यास हरीण म्हणतात. मात्र त्याची शिंगे सांबर-चितळांप्रमाणे गळून पडत नाहीत. वजन साधारणतः २० किलोच्या आसपास असते. अमेरिकेत दाट रानातील, जवळच्या अंतरावरील हरणांसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल व .४५-७० (१८७३) सारखे जाड गोळीचे काडतूस निवडले जाते. उघड्या माळावरील या लहानशा प्राण्यास ती निवड मुळातच गैरलागू आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये चिंकाऱ्याचा समावेश असून शिकारीस ३ ते ७ वर्षे कारावास व किमान २५,००० रुपये दंड होतो. पीकसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना शिकारीची परवानगी ठरत नाही. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) जेमतेम ५.१४ चौ. किमी. असल्याने चिंकारे लगतच्या शेतांतही चरतात. तेथेही हेच संरक्षण लागू असते.