श्रेणी आणि अक्षयनीवी

लहान कारागिराचे भांडवल तुटपुंजे असते. परंतु त्याहून मोठी अडचण त्याच्या एकाकीपणाची असते. प्राचीन महाराष्ट्राने या अडचणीवर श्रेणी हा उपाय शोधला होता.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, क्र. १० च्या विहारात, क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून ठेवले. पैकी २,००० वर दरमहा शेकडा १ व १,००० वर शेकडा पाऊण व्याज ठरले. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. २,००० चे वार्षिक व्याज २४० होई. त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत.

राजाच्या जावयाने एवढे धन एकट्या विणकराच्या हाती दिले असते काय? विणकर मरतो, गाव सोडतो, श्रेणी टिकते. श्रेणीस खेळते भांडवल लाभले आणि संघास चीवर.

पुणे जिल्ह्यात जुन्नरला धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिली. तेथील दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. पुढे जातिव्यवस्थेने बांबूकाम हीन ठरविले. त्या काळी मात्र त्याच हातांवर दात्यांचा विश्वास होता.

२००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केली. तिला आम्ही श्रेणींची वंशज म्हणणार नाही; तथापि एकट्या उद्योजकास पत मिळत नाही, हा अनुभव दोहोंच्या मुळाशी आहे.