स्मार्ट टीव्हीचे वाय-फाय तुटते तेव्हा

स्मार्ट टीव्हीवर ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असा संदेश झळकला की दोष संचाचाच आहे, असे गृहीत धरले जाते आणि तंत्रज्ञाला पाचारण केले जाते. त्यापूर्वी मोबाइलचा डेटा बंद करून तो त्याच वाय-फायला जोडून पाहावा. त्यावरही इंटरनेट नसेल, तर दोष राउटरमध्ये किंवा सेवा पुरवठादाराकडे आहे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा.

मोबाइल चालत असेल, तर संचाकडे वळावे. रिमोटने संच पूर्णपणे बंद होत नाही; त्यामुळे प्लग काढून मिनिटभराने लावावा. नंतर जुनी जोडणी पुसून पासवर्ड नव्याने भरावा.

वाय-फाय जोडलेले दिसते, पण अ‍ॅप उघडत नाही, अशा वेळी संचातील दिनांक व वेळ तपासावी. ती चुकीची असल्यास सुरक्षा प्रमाणपत्रे अग्राह्य ठरतात.

चित्र वारंवार अडखळत असल्यास अंतर विचारात घ्यावे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींपलीकडे पोहोचतात. मात्र मायक्रोवेव्ह व शेजारच्या राउटरमुळे त्यांत व्यत्यय येतो. ५ गिगाहर्ट्‌झचा वेग अधिक, पण पल्ला कमी. काही संचांत ही सोयच नसते, म्हणून ते नाव यादीत दिसत नाही.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे लॅन केबल. ‘फॅक्टरी रीसेट’ मात्र अखेरचा उपाय. त्याने सर्व अ‍ॅप व नोंदी पुसल्या जातात.